ढोलवाल्यापुढे हात

लंडनमधल्या क्रॉयडनच्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी माझ्याकडे होत्या. त्या तरुणपणी जमैकाहून इथे आल्या आणि जन्मभर मॉडर्न आणि आफ्रिकन डान्स शिकवत राहिल्या. आता मात्र वॉकर धरूनही पाऊल उचलेनात.

मी नेहमीसारखं "वन, टू" सुरू केलं.

"मोजू नकोस, पोरी. डान्सच्या क्लासला ढोलवाला आला नसेल तेव्हा मोजतात."

"मग आज कोण आलंय?"

"तू आहेस की!"

मी फाइलवर बोटांनी ठेका धरला. शाळेतल्या लेझमीचा, दुसरा येतोय कुठे? आजींनी मान तिरकी करून ऐकलं, खांदे सैल सोडले आणि त्या खोलीच्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या.

माझ्यासमोर येऊन त्या वाकायला लागल्या. मी ओरडलेच, "वाकायचं नाही! नवा खुबा आहे!"

"क्लास संपला की ढोलवाल्यापुढे जमिनीला हात लावतो आम्ही. मला जमत नाही, तर माझ्या वतीने तू लाव."

मी हसत माझ्याच पायांपुढे वाकले. हात टेकला आणि शाळेतले हलगीवाले मामा आठवले. इतकी वर्षं त्यांच्या ठेक्यावर लेझीम खेळले, पण एकदाही वळून त्यांच्याकडे बघितलं नव्हतं.