टमाट्यांवरची चकचकीत पाकिटं

टेंभुर्णीच्या लॅबमधून रिपोर्ट घेतला आणि पायरीवरच उघडला. घरी जाईपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. मला एकच आकडा बघायचा होता.

अकरा वर्षांपासून मला मधुमेह आहे. साखर, वजन, रक्तदाब, सगळं मी वहीत लिहितो. साखर आटोक्यात होती. तरी तीन महिन्यांपूर्वी मूत्रपिंडाची अवस्था सांगणारं क्रिएटिनिन १.१ वरून १.६ वर गेलं आणि वरचा रक्तदाब १५० झाला. मी डॉक्टरांपुढे वहीच ठेवली. ते म्हणाले, मधुमेहात मूत्रपिंड आणि हृदय एकाच बैलजोडीसारखे. एक थकला की ओढ दुसऱ्यावर येते. मग त्यांनी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या घेता का? गुडघा दुखला तर कधीमधी, मी म्हणालो.

बायको शेजारीच बसली होती. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ते ह्यांच्या वहीत न्हाई. आमच्या टमाट्यांवर बघा."

माझ्या दुखण्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं ती दोरीत ओवून परसातल्या टमाट्यांवर बांधते. उन्हात चमकली की पाखरं चोच मारत नाहीत. घरी आल्याबरोबर मी ती मोजली. सत्तावीस. पाकिटाला दहाच्या हिशेबानं दोनशे सत्तर गोळ्या, आणि वाफा लावून पाच महिने झालेले. म्हणजे रोज जवळपास दोन. दुकानातून आणलेल्या गुडघ्याच्या गोळीचा मधुमेहाशी काय संबंध, म्हणून एकही लिहिली नव्हती.

डॉक्टरांना फोनवर आकडा सांगितला. आजपासून बंद, ते म्हणाले. या गोळ्या मूत्रपिंडाला मारतात, अंगात पाणी धरतात, रक्तदाब वाढवतात आणि तो भार हृदयावर येतो. रक्तदाबाची गोळी त्यांनी बदलून दिली, गुडघ्याला शेक आणि व्यायाम सांगितला. रागाच्या भरात मी ती दोरी तोडून फेकली.

आणि आता लॅबच्या पायरीवर उभा राहून वाचत होतो: क्रिएटिनिन १.२. पुन्हा वाचलं. वर नाव माझंच आहे ना, तेही पाहिलं. मधुमेहानं लघवीतून प्रथिनं अजून जातायत, तपासणी आयुष्यभर करावी लागणार; पण मूत्रपिंड सावरलं होतं. गुडघा विसरून मी झपाझप स्टँडकडे निघालो.

घरी बायकोनं आकडा दोनदा वदवून घेतला. मग म्हणाली, "मंग आता टमाट्यांचं काय? पाखरं खाऊन राह्यली की."

रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं महिन्याला तीन निघतात, मी सांगितलं. तेवढ्यात भागव.