चांद्यात ती मेली नाही

याडीचा, म्हणजे माझ्या आईचा, भिंगांचा घागरा उन्हात टाकला की अजून चुलीच्या धुराचा वास सुटतो, आणि चांद्याच्या मुलींच्या शाळेतलं ते संमेलन आठवतं. आमच्या बाईंनी एका फ्रेंच कादंबरीवरून नाटक बसवलं होतं. त्यातली भटकी नाचणारी बाई शिपायाला भुरळ घालते, पुढे त्याला नाकारते आणि त्याच्याच चाकूने मरते. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची मी एकटीच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं, त्यासाठी याडीचा हा घागराही मी मागून आणला, आणि तालमीत मी रोज निमूट मेले. नाटकाच्या दुपारी मात्र याडी गोंडपिपरीकडच्या आमच्या तांड्यावरून आली आणि तसाच दुसरा घागरा नेसून पुढच्या रांगेत ताठ बसली. तिच्याकडे बघून मागे कुणी फिदीफिदी हसलं. शिपाई झालेल्या मैत्रिणीने लाकडी चाकू उगारला, तेव्हा मी तिचं मनगटच धरलं. “तुह्यासंग मी येत नाई, अन् मरतबी नाई! ठेव तो चाकू खाली.” तिने गोंधळून खरंच ठेवला. “अगं, पुस्तकात असं नाही,” बाई पडद्याआडून कुजबुजल्या, पण तोवर याडी उभी राहून टाळ्या पिटत होती आणि तिच्यामागे सगळा मांडव. परवा नातीने ती कादंबरी वाचली आणि डोळे पुसत म्हणाली, “आजी, ती मरते गं.” मी म्हटलं, “तिकडं मरत असन. चांद्यात नाई मेली.”