आतड्यांची लॅब, संडासाची किल्ली

आमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये नमुन्यांना जागा पुरत नाही आणि माझ्या डोक्यात किश्श्यांना! कुठेतरी ओतलेच पाहिजेत, नाहीतर माझंच बीपी वाढायचं.

लॅब धारवाडात, सप्तापुरात. आतड्याच्या आत एक बुळबुळीत थर असतो, काही प्रोटीनं तो राखतात. ती कमी पडली की सूज येते, व्रण होतात आणि माणसाला पळत संडास गाठावा लागतो. ही प्रोटीनं कशी टिकवायची, ते आम्ही शोधतो. आणि अशा या लॅबमध्ये बायकांचा संडास एकच, त्यालाही कुलूप! "बाहेरच्या पोरी घाण करतात," म्हणून किल्ली आमच्या सरांच्या खिशात. लागली की जाऊन मागायची!

*

रेखा आमच्याकडे पीएचडी करते. अळणावरची. तिला स्वतःलाच हा आजार. आल्या आल्या तिनं सरांना सांगितलं, "सर, मला डुप्लिकेट किल्ली हवी."

सर म्हणाले, "तुला दिली की सगळ्यांना द्यावी लागेल."

अहो, मग द्या की! आत काय सोनं पुरून ठेवलंय?

*

आधी ती गावाहून बसनं यायची. एकदा वाटेतच पोटात कळ आली. कंडक्टरला म्हणाली, "अण्णा, जरा थांबवा."

"तडीरी अक्का, धारवाड बंतु!" थांबा, आलंच म्हणे धारवाड! अजून अर्धा तास होता!

तिनं दार बडवून बस थांबवली. ती उतरली आणि बस तिला टाकून निघून गेली. मग तिनं सप्तापुरातच खोली घेतली.

*

तिथं घरमालकीण. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे खरं. पण म्हणून असं बोलायचं? "किती वेळा फ्लश करतेस गं? टाकी काय तुझ्या एकटीची?"

रेखानं बिचारीनं सगळं समजावलं. आजार, थर, प्रोटीन.

"मग अंडी खा की! पण माझ्या घरात नको हं, आम्हाला चालत नाही."

*

हुबळीत लॅमिंग्टन रोडवर याच आजारावर सरांचं भाषण होतं. "रुग्णाला लाज वाटते. त्याला मागायला लावू नका!" टाळ्याच टाळ्या. मी मागे बसले होते. तेवढ्यात धारवाडहून रेखाचा फोन, रडत रडत. "अक्का, किल्ली कुठाय?"

किल्ली स्टेजवर होती, सरांच्या खिशात!

दुसऱ्या दिवशी ती लॅबला आली नाही. "मी पीएचडी सोडते," म्हणाली.

मी सरांवर तुटून पडले, तर म्हणतात, "विसरलो गं. होतं असं कधीकधी." संताप संताप झाला माझा! तशीच रेखाच्या खोलीवर गेले. म्हटलं, "सोडायची तर त्यांनी किल्ली सोडावी. तू का पीएचडी सोडतेस?"

*

नाही सोडली. परवा तिची तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक, हॉल भरलेला, सर पहिल्या रांगेत ऐटीत बसलेले.

परीक्षकांनी विचारलं, "आतड्याचं रक्षण कशाकशानं होतं?"

रेखानं एकेक प्रोटीन घेऊन झकास उत्तर दिलं. आणि मध्येच थांबली. चेहरा पांढराफटक. मला कळलं.

"झालं? की आणखी काही राहिलं?"

"एक राहिलं, सर."

ती स्टेजवरून उतरली, सरळ आमच्या सरांपुढे जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

"ते यांच्या खिशात आहे."