आतली कडी

गुण्याकाका भिंतीबद्दल आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि ते स्वतःच्या घरातल्या भिंतीबद्दल.

ते सुतार. सुताराच्या पेटीत काटकोन तपासायचं एक लोखंडी साधन असतं, त्याला गुण्या म्हणतात. काका कामात इतके काटेकोर, की तरुणपणीच सोबतच्या कारागिरांनी त्यांना ते नाव चिकटवलं आणि पुढे खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं. कुणाच्या घरी दार किंवा कपाट बसवायचं असलं की ते आधी टेप काढत नसत. जो माणूस ते दार रोज उघडणार, त्याला समोर बोलवत, डोळे मिटून हात पुढे करायला सांगत, आणि हात जिथे थांबेल तिथे कानावरची पेन्सिल काढून खूण करत. मापाला माणूस लागतो, असं त्यांचं म्हणणं. भिंतही ते बोटाच्या पेराने वाजवून सांगत, भरीव की पोकळ. त्यावर कुणी फिरून प्रश्न विचारत नसे.

त्यांची बायको पोस्टात खिडकीवर बसायची. एकतीस वर्षं तिने रांगेतल्या भल्याभल्यांना सरळ केलं होतं, मग घर काय चीज. काकांना आपले मोजे कुठे ठेवलेत तेही तिला विचारावं लागे. घरात त्यांचा शब्द चाले तो फक्त लाकडाच्या बाबतीत.

ती निवृत्त झाली आणि दुसऱ्याच वर्षी मणक्याच्या दुखण्याने तिचं कमरेखालचं अंग गेलं. हात शाबूत, जीभही शाबूत. इस्पितळातून ती चाकाच्या खुर्चीत बसून घरी आली आणि पहिल्याच दिवशी बाथरूमच्या दाराशी अडली. खुर्ची चौकटीपेक्षा दोन बोटं रुंद, आणि उंबरा चार बोटं उंच. ती चौकट काकांनीच बसवलेली होती, बावीस वर्षांपूर्वी.

तेव्हा काकांनी तिला उचललं. काखेत हात घालून, छातीशी धरून आत नेलं, कमोडवर बसवलं, बाहेर उभे राहिले, हाक आली की पुन्हा आत गेले. दिवसातून सहा-सात वेळा. सत्तरीला टेकलेला माणूस, पण खांदे कामाने कमावलेले होते. शेजारच्या वहिनी सगळीकडे सांगत सुटल्या, की नवरा असावा तर असा. जिन्यात लोक वाट द्यायला लागले. काका मान खाली घालून म्हणत, छे हो, त्यात काय एवढं. पण घरी येताना त्यांची चाल जरा ताठ व्हायची. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यावाचून घरात पान हलत नव्हतं.

मग इस्पितळातून व्यायामाच्या बाई आल्या. तरुण, चटपटीत, हातात कागद. त्यांनी सगळं घर पाहिलं आणि यादी केली: उंबरा काढायचा, चौकट रुंद करायची, दार बाहेर उघडेल असं फिरवायचं, कमोडच्या दोन्ही बाजूंना भिंतीत आधाराचे दांडे बसवायचे. हातात एवढी ताकद आहे, महिन्याभरात त्या एकट्या जातील, असं बाई म्हणाल्या. शिवाय काका स्वतःच सुतार, मग अडचण कसली?

काकांनी बाथरूमची भिंत दोनदा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवायची गरज नव्हती. ती ठणठणीत भरीव होती.

"पोकळ आहे," ते म्हणाले. "दांडा धरणार नाही. भार आला की उखडून येईल आणि ही तोंडावर आपटेल."

बाईंनी तसं लिहून घेतलं. सुतारानेच सांगितल्यावर त्या आणखी काय विचारणार? बायको खुर्चीत बसून काकांकडे बघत होती. ती काही बोलली नाही. तीही आपल्या शब्दावर विसंबली, असं काकांनी धरून चाललं.

याला आठ महिने झाले.

एका दुपारी वरच्या मजल्यावरचं कुणाचं तरी दार फुगून अडकलं म्हणून काकांना बोलावणं आलं. दहा मिनिटांचं काम. पण रंधा मारून झाल्यावर चहा आला, चहाबरोबर कौतुक आलं, आणि काका बसले. कमरेला त्रास होत नाही का, असं विचारल्यावर त्यांनी तिला कसं उचलायचं ते उशी हातात धरून करून दाखवलं. हसणं-खिदळणं झालं. घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा दीड तास उलटला होता.

खाली आले तर बायको बाथरूमच्या दाराशी, त्यांच्याकडे पाठ करून बसलेली. खुर्चीच्या चाकांनी चौकटीवर नवे ओरखडे पडले होते. खाली फरशी ओली होती. तिने हाताला लागलेला टॉवेल ओढून मांडीवर घेतला होता.

"बादली आणा," ती म्हणाली. "आणि आधी दार लावा बाहेरचं."

काकांनी सगळं आवरलं. कपडे बदलताना तिने एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही आणि त्यांनाही पाहवेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते टेबलाकडे वळले. तिथे सकाळी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या तसाच काठोकाठ होता.

"अगं, सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नाहीस?"

"पाणी प्यायलं की तुमची वाट बघावी लागते."

हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. खिडकीवर कुणाला मनीऑर्डरचा नियम सांगावा तसं सांगितलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. न्याहारीनंतर ती घोटभरच पाणी घेत असे. लघवीची जळजळ वरचेवर का होते, म्हणून डॉक्टरांनी दोनदा विचारलं, तेव्हा तिने सांगितलं की प्यायचं राहूनच जातं. दोन्ही वेळा काका शेजारी उभे होते आणि दोन्ही वेळा त्यांनी घरी येऊन तिला आठवणीने पाणी पीत जा म्हणून बजावलं होतं. ते आठवलं आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उशी घेऊन केलेली ती नक्कल आठवली आणि कुठे तोंड लपवावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटी काढली. बाथरूममध्ये शिरून सवयीने भिंतीवर बोट वाजवलं.

"भरीव आहे," मागून बायको म्हणाली.

काका वळले नाहीत. त्यांच्याने वळवलं नाही.

"बाहेरची बाजू मी खुर्चीतून वाजवून बघितली होती. त्या बाई यायच्या आदल्या दिवशीच, धरायला काही बसवता येईल का म्हणून. तुमच्याबरोबर चाळीस वर्षं काढली, एवढं कळतं मला."

"मग त्यांच्यासमोर बोलली का नाहीस?"

"काय बोलू? भिंतीच्या बाबतीत तुमचा शब्द आजवर कुणी खोटा पाडला नव्हता. तो मी पाडू, त्या कालच्या पोरीसमोर? म्हटलं, आज ना उद्या स्वतःच बोलतील. तुम्हाला बराच वेळ लागला."

काकांनी हातोडी उचलली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. त्यांच्या खोट्यापायी ती आठ महिने तहानलेली राहिली होती, आणि वर त्यांची अब्रूही तिनेच राखली होती. दोहोंतल्या कशाची जास्त लाज वाटावी, तेही त्यांना ठरवता येईना.

काम चार दिवस चाललं. उंबरा निघाला, जुनी चौकट निघाली. नवी चौकट खुर्चीला दोन्हीकडून तीन-तीन बोटं मोकळं ठेवून बसली आणि दार बाहेर उघडायला लागलं. दांड्यांची जागा काकांनी आपल्या अंदाजाने आखली, तिला उचलताना आपला हात जिथे टेकायचा तिथे. बायकोने त्या रेघांकडे बघितलं.

"हे कुणाचं माप?"

काका ओशाळले. परक्यांच्या घरी कधी झाली नाही अशी चूक इथे झाली होती. त्यांनी रेघा पुसल्या, तिला कमोडवर बसवलं आणि डोळे मिटून हात पुढे करायला सांगितलं. तिचे हात थांबले ते त्यांच्या खुणांच्या चांगले वीतभर खाली. तिथे त्यांनी पेन्सिल टेकवली.

सगळं झालं असं वाटलं, तेव्हा ती म्हणाली, "आतून कडी?"

जुनी कडी वर, उभ्या माणसाच्या छातीशी होती. बसून तिचा हात पोचणार नव्हता. कडी कशाला, असं काका म्हणाले. घरात आपण दोघंच.

"म्हणूनच."

"आणि आत पडलीस तर?"

"पडले तर हाक मारीन. तुमच्या हाकेला ओ दिली नाही तर दार मोडा. तुमच्याच हातचं आहे, लाज वाटू देऊ नका." मग जरा हळू आवाजात, "आठ महिने मी दार उघडं टाकून बसतेय."

काकांनी तिचा हात मापाला घेतला आणि कडी बसवली. बिजागऱ्यांच्या खिळ्या तेवढ्या बाहेरून निघतील अशा ठेवल्या, वेळ पडली तर दार उतरवता यावं म्हणून. ते तिने पाहिलं.

पंधरवड्याने व्यायामाच्या बाई पुन्हा आल्या. दांडे हलवून पाहिले, अंगाचा भार टाकून पाहिले, खूश झाल्या. मग कपाळाला आठी पडली.

"पण काका, भिंत पोकळ होती ना?"

बायकोने लगेच तोंड उघडलं. "त्यांनी ना, आतून..."

"भरीवच होती," काका मध्येच म्हणाले. "मी खोटं बोललो होतो. ही माझ्यावाचून जायला लागेल म्हणून."

बाईंना कुठे बघावं ते सुचेना. त्या कागद चाळायला लागल्या. काकांची मान खाली गेली होती, पण या वेळी कुणी कौतुक करत नव्हतं.

बायकोने खुर्ची टेबलाकडे फिरवली. टेबलाचे पाय आता कापून खाली आणले होते. तिने तांब्यातून पेला भरला, सावकाश पूर्ण प्यायली. दुसरा भरला, तोही संपवला. मग कुणालाच काही न सांगता खुर्ची बाथरूममध्ये नेली आणि दार ओढून घेतलं.

आतून कडी लागल्याचा आवाज आला. काका बाईंसमोर बसून राहिले.