एक्केचाळीस पायांची मापं

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा. बावीस वर्षं तिने प्लास्टर कालवलं, माणसांच्या अर्ध्या राहिलेल्या पायांचे साचे काढले. मग हातांची कातडी चिरायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता पुरे. पण घरी बसायचं तिच्या अगदी जिवावर आलं. तोवर कारखान्यात हातात धरायचा स्कॅनर आला होता. पायाभोवती फिरवला की मापाची फाइल तयार. ताईने तो उचलला तो उचललाच, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुस्तक समोर ठेवून प्रोग्राम लिहायलाही शिकली.

"आई, माझ्या वयाच्यांना जमत नाही गं हे," लेक म्हणायची.

"तुमच्या वयाच्यांना धीर कुठाय?" ताई म्हणायची.

मापांच्या फाइली खालच्या मजल्यावरच्या सर्व्हरवर असत. ताईच्या कॉम्प्युटरवरून तो सर्व्हर झेड ड्राइव्ह म्हणून दिसे. रोज सकाळी ती आपला प्रोग्राम चालू करी. यादीतल्या एकेकाची फाइल झेडवर आहे का, हे तो बघे, आणि नसली की त्या माणसाच्या फोनवर निरोप पाठवी: 'तुमचं माप आमच्याकडे नाही, द्यायला या.'

लेकीचे दिवस भरत आले होते. शुक्रवारपासून ताईची पंधरा दिवसांची रजा मंजूर झाली. म्हणून बुधवारी संध्याकाळी तिने प्रोग्रामला रोज पहाटे सहाला आपला आपण चालायला सांगून ठेवलं. एकदा स्वतः चालवून पाहिला, व्यवस्थित चालला, आणि ती निवांत घरी गेली.

गुरुवारी सकाळी बसमध्ये जेमतेम टेकायला जागा मिळाली होती, तोच साहेबांचा फोन.

"ताई, कुठे आहात? एक्केचाळीसच्या एक्केचाळीस लोकांना निरोप गेलाय. कुणाचंच माप नाही म्हणे! इथे फोन खाली ठेवायची सोय नाही."

ताईला शनिवार आठवला. सर्व्हरवर जागा कमी पडते म्हणून शनिवारी तिने जुनी फोल्डरं पुसली होती. दोनदोनदा बघून पुसली होती, पण आता त्या बघण्यावर तिचाच भरवसा उरेना.

"साहेब, शनिवारी साफसफाई मी केली होती. माझ्याच हातून गेलं असेल," तिने सांगून टाकलं.

साहेब म्हणाले, "या तर खरं. आल्यावर बघू."

उरलेली वाट तिला सरता सरेना. कुणाची जखम अजून ओली होती, कुणी चार तासांचा प्रवास करून आलं होतं. त्या सगळ्यांना कुठल्या तोंडाने पुन्हा बोलवायचं?

कारखान्याच्या दारातल्या बाकावर एक शिंपीणबाई बसल्या होत्या. कुबड्या शेजारी टेकवलेल्या, गळ्यात मोजायची टेप तशीच.

"दुकान उघडायचं सोडून आले बाई," त्या कावून म्हणाल्या. "परवा तर तुम्हीच माप घेतलंत. हलू नका म्हणालात, मी श्वाससुद्धा रोखून धरला. एवढ्यात हरवलं पण?"

"परवा? म्हणजे मंगळवारी?"

"मग! मंगळवारी माझं दुकान बंद असतं."

ताई त्यांच्या शेजारीच बसली. मंगळवारी घेतलेलं माप शनिवारी कसं पुसलं जाईल? आणि काल संध्याकाळी तर प्रोग्रामला सगळ्या फाइली सापडल्या होत्या, घाबरून ते आठवलंच नव्हतं. आपल्या हाताने झालं नव्हतं हे.

वर जाऊन तिने झेड उघडला. सगळ्या फाइली जागच्या जागी. प्रोग्राम चालवला, तर एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस सापडल्या.

"मग पहाटे काय झोपेत होता का हा?" साहेबांनी विचारलं.

निरोप बंद ठेवून ताईने प्रोग्राममध्ये दोन ओळी वाढवल्या: मुळात झेड दिसतोय का, आणि तू कुणाच्या लॉगिनवर चालतोयस, हे लिही. मग त्याला पहाटेसारखंच आपोआप चालू दिलं. उत्तर आलं: झेड नाही. आणि लॉगिन ताईचं नव्हतंच.

तिने कपाळाला हात लावला, पण हसत. झेड हे नाव फक्त तिच्या लॉगिनला जोडलेलं होतं. पहाटे आपोआप चालणारा प्रोग्राम कॉम्प्युटरच्या स्वतःच्या, दुसऱ्याच लॉगिनवर चालत होता आणि त्या लॉगिनला झेड ठाऊकच नव्हता.

"पण मग तसं सांगायचं ना त्याने!" साहेब म्हणाले.

"मी त्याला फाइल आहे की नाही, एवढंच विचारलं होतं. पोचता आलं नाही, असं सांगायची सोयच ठेवली नव्हती. तेवढी चूक मात्र माझी."

झेडच्या जागी तिने सर्व्हरचा पूर्ण पत्ता घातला. त्या दुसऱ्या लॉगिनला फाइली बघायची परवानगी मिळवून दिली. आणि सगळ्यात आधी एक अट घातली: मापांचं फोल्डरच उघडलं नाही, तर कुणालाही निरोप नाही, फक्त ताईला कळवायचं. एरवीही किती सापडल्या, किती नाही, ते रोज तिच्या फोनवर पाठवायचं.

मग शिंपीणबाईंना बोलावून तिने पडद्यावर त्यांचा पाय दाखवला. बाईंनी तो डोळे बारीक करून न्याहाळला.

"टाके बरे घातलेत हो डॉक्टरांनी," त्या म्हणाल्या. "कडेला जरा ओढलंय, पण चालतंय."

दोघी खूप हसल्या. बाकीच्या चाळीस जणांना ताईने एकेक करून फोन केले. एक जण अर्ध्या वाटेतून माघारी वळला, एकाने चार शब्द सुनावले, तिने ते ऐकून घेतले.

शुक्रवारी पहाटे बॅग भरून ती फोन हातात घेऊनच बसली होती. सहा वाजून दोन मिनिटांनी कळलं: एक्केचाळीस सापडल्या, एक नाही. तिने नाव पाहिलं. आदल्या दुपारीच यादीत चढलेले एक निवृत्त ड्रायव्हर. त्यांचं माप अजून कुणी घेतलंच नव्हतं.

"बरोबर आहे रे बाबा तुझं," ती फोनलाच म्हणाली, आणि बॅग उचलून लेकीकडे निघाली.