हळदीकुंकवाआधीचं व्याख्यान

नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं, तेव्हा बोरीवलीच्या आमच्या सोसायटीतल्या महिला मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझं व्याख्यान ठेवलं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं. चूक ध्यानात आली तशी सेक्रेटरीबाईंनी मला जिन्यात गाठलं. "तुमचं आधी उरकून घेऊ या ना. म्हणजे तुम्हाला लवकर निघता येईल." कुंकू लावायच्या आत विधवेने निघून जावं, एवढाच त्याचा अर्थ. मी मान डोलावली आणि घरी येऊन व्याख्यानाचा विषय बदलला.

मी बोलले ते एका मेलेल्या ताऱ्याबद्दल. मोठा तारा स्फोटात संपतो, उरतो शहराएवढा गोळा. तो गरगरत राहतो, मंदावतो, गप्प होतो. पण त्याला अगदी खेटून फिरणारा एक जोडीदार असतो. तो फुगतो, त्याचा वायू या गोळ्यावर पडत राहतो आणि त्याला पुन्हा फिरकी देतो, बागेतल्या चक्रीला पोरं जाता-येता हात मारतात तशी. मग हा म्हातारा सेकंदाला शेकडो वेळा फिरू लागतो. नुकताच असा एक सापडलाय, ज्याच्या झोताने तोच जोडीदार झिजत चाललाय.

पहिल्या रांगेतल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे गिळलंच की गं त्यानं जोडीदाराला!"

तेराव्याला, मी स्वयंपाकघरात असताना, याच काकू माझ्याबद्दल हेच म्हणाल्या होत्या. माझं डोकं फिरलं.

"गिळलं नाही, काकू. जोडीदारानं आपणहून दिलं. माझं एम.एस्सी. अर्धवट होतं. दोन वर्षं माझा नवरा कामावरून येऊन भात लावायचा, मुलीला झोपवायचा आणि मला म्हणायचा, तू बस गं अभ्यासाला. तो माझ्यासाठी झिजला, हे मला माहितीये. ते तुम्ही मला सांगायचं नाही."

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. मी खाली उतरले आणि काकूंच्याच शेजारी बसले. कुंकू लावत येणारी सेक्रेटरीबाईंची सून माझ्यापाशी थबकली, सासूकडे बघू लागली. मी तिच्या हातातल्या करंड्यात बोट बुडवलं आणि स्वतःच कपाळाला लावलं.

"आणि माझं वाण?"

त्या वर्षी वाणाला चहाची गाळणी होती. अजून तिच्यातूनच चहा गाळते मी.