परतीला तू

माझ्या आईनं बत्तीस वर्षं नागपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर भारताचा किनारा ती एका दमात काढायची, कच्छपासून थेट सुंदरबनापर्यंत, खडू न उचलता. मी तिच्याच वर्गात होते, त्यामुळे काढून झाल्यावर वळून वटारलेले डोळे बहुतेक वेळा माझ्यावर असत. भूशिर, आखात, पुळण, खाडी हे शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखे रोजच्या वापरातले होते. पण नागपूरहून कुठलाही समुद्र सारखाच लांब. तिनं तो पहिल्यांदा पाहिला माझ्या लग्नानंतर, अलिबागला, आणि तिथंही पाण्यात पाय बुडवायला आधी विहीणबाईंना पुढं केलं.

२००५ साली ती पहिल्यांदाच आमच्याकडे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला आली. येताना विमानात मधल्या रांगेतली मधली सीट मिळाली होती आणि एवढ्या प्रवासात तिला आकाशाचा तुकडासुद्धा दिसला नव्हता. खिडकीशी बसलेल्याला जरा सांगायचं होतंस, असं मी म्हणाले, तर म्हणाली, "तो बिचारा झोपून राहिला होता. त्याला काहून उठवायचं?" मग पोह्यांची बशी बाजूला सारून तिनं विचारलं, "आपण नकाशात काढतो तसाच दिसतो का गं किनारा, वरून?"

हे मला विचारायचं कारण म्हणजे त्याच वर्षी मला छोटं विमान चालवायचा परवाना मिळाला होता. आठवडाभर सॉफ्टवेअर आणि शनिवारी विमान, असा माझा क्रम होता. परदेशी म्हणून बोटांचे ठसे दिले, फॉर्म भरून भरून हात दुखले, पण परवाना मिळवला. क्लबचं विमान दोनच माणसांचं होतं. रिक्षात तिघं बसल्यावर खांदे घासतात तसे त्यात दोघांचेच घासत. धुक्यात किंवा ढगात शिरायची मला परवानगी नव्हती. डोळ्यांना बाहेरचं दिसतंय तोवर उडायचं, एवढाच माझा परवाना.

आता माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यामुळे झालं. मला आग्रहाचा मनस्वी राग. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'बरं, थोडंसं' म्हणत ताट पुढं करायचं. लहानपणी मी एका घरी श्रीखंडाला आईनं शिकवल्याप्रमाणे नको म्हणाले आणि त्या बाई सरळ पातेलं घेऊन आत गेल्या. ते पातेलं मी अजून विसरलेले नाही. अमेरिकेत आल्यावर मला कशाचं सुख वाटलं असेल तर याचं, की इथं एकदाच विचारतात आणि माणूस बोलेल ते खरं धरतात. विमान शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांनीही पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की शेजारी बसणारा नाही म्हणाला तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही, मनात भीती असलेल्या माणसाला हवेत नेऊ नये. मला तर ते फारच पटलं.

जुलैच्या लाँग वीकेंडला मी आईसाठी ट्रिप आखली. माझी नणंद अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाहून, पिस्कॅटवेहून सुटीला आली होती, ती आणि माझा नवरा असे आम्ही चौघं. गाडी हायवे वननं, समुद्राच्या काठाकाठानं जाणार आणि मी वरून. रोज एक उड्डाण, माझ्याबरोबर एक जण, बाकीचे गाडीत. शनिवारी मॉन्टेरे, रविवारी बिग सरच्या कड्यांवरून सॅन लुइस ओबिस्पो, सोमवारी तिथून घरी.

शनिवारी सकाळी छोट्या विमानतळावर मी तेल तपासलं, पंखांतल्या टाकीतून थोडं पेट्रोल काढून त्यात पाणी नाही ना ते पाहिलं आणि आईला म्हणाले, "चल, बस."

"नको, तिला ने आधी," आई नणंदेकडे बघत म्हणाली. "पाहुणी आहे ती."

मुलीच्या सासरची माणसं आधी, हा तिचा नियम. अलिबागेत होता, कॅलिफोर्नियातही होता. नणंद "अहो काकू, तुम्ही जा ना," असं दोनदा म्हणाली, पण तिचे डोळे विमानावरच होते. मी तिला बसवलं आणि निघाले. आई तारेच्या कुंपणापलीकडे उभी राहून हात हलवत होती, विमान दिसेनासं होईपर्यंत, असं नवऱ्यानं नंतर सांगितलं.

रविवारी सकाळी मॉन्टेरेला धुकं होतं, ते अकराला उठलं. मी पुन्हा आईला विचारलं, "आज येतेस?"

"नको. जावईबापू काल दिवसभर गाडी चालवून थकले. त्यांना बसू दे."

"आई, मी अजिबात थकलो नाहीये," नवरा म्हणाला. "आजचा रूट बेस्ट आहे. तुम्ही जा, मी आरामात ड्राइव्ह करतो." ती पुन्हा नको म्हणाली. तो तिसऱ्यांदा तोंड उघडणार एवढ्यात मी त्याला झापलं. "नको म्हणाली ना ती? कशाला फोर्स करतोस?" पुण्याचा माणूस आग्रह करत होता आणि नागपूरची मी त्याला गप्प करत होते. मग आईला म्हणाले, "परतीला तू." परतताना उत्तरेकडे तोंड असणार, मी थोडी समुद्रावरून उडणार, म्हणजे किनारा नेमका तिच्या, उजवीकडच्या खिडकीशी येणार होता. म्हणजे झालं ते बरंच झालं, अशी मी माझी समजूत घातली. ती म्हणाली, "हो, परतीला मी," आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. त्या दिवशी गाडी नणंद चालवणार होती.

त्या दिवशी जे दिसलं ते मी परत कधी पाहिलं नाही. हवा धुतल्यासारखी. पाणी काठाशी हिरवं, पुढं निळं, आणि कडे थेट समुद्रात उतरलेले. प्रत्येक वळण, प्रत्येक टोक रेघ मारल्यासारखं स्वच्छ. मी सबंध वेळ आईच्या नजरेनं बघत होते आणि शेजारी नवरा कॅमेऱ्यात डोळा घालून बसला होता.

गाडी आमच्यानंतर तीन तासांनी पोचली. वळणांनी आईचा चेहरा उतरला होता, पण गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं जावयाला विचारलं, "भूशिराच्या दोन्ही अंगांना पुळण होती का?"

"आई, अगदी ॲटलाससारखं दिसत होतं सगळं," तो म्हणाला. पुळण त्यानं पाहिली नव्हती. रात्री जेवताना त्यानं कॅमेऱ्यातले फोटो तिला दाखवले आणि तिनं ते एकेक करून दोनदा बघितले.

सोमवारी सकाळी खिडकी उघडली तर समोरचं झाडसुद्धा दिसेना. दहा वाजले, अकरा वाजले. आई ठेवणीतली साडी नेसून, केसांना घट्ट रुमाल बांधून विमानतळावरच्या कॅफेत बसून होती. चहा तिनं घेतला नाही, वरती बाथरूम नसतं म्हणून. एक वाजता धावपट्टीवरचं धुकं उठलं. नवरा आणि नणंद गाडीनं पुढं निघाले. मी आईला हात देऊन वर चढवलं, पट्टा बांधला, कानांवर हेडफोन बसवले. जमीन सुटली तेव्हा तिनं माझा दंड धरला आणि लगेच सोडला, मला त्रास नको म्हणून.

वर चांगलं ऊन होतं. मी समुद्राकडे वळले आणि समुद्र नव्हता. क्षितिजापासून डोंगरांच्या कमरेपर्यंत नुसतं पांढरं, सपाट धुकं. काठ नाही, कडा नाही, पाण्याचा ठिपका नाही. धुक्याच्या वरून उडायला हरकत नव्हती, पण बघायला काही उरलं नव्हतं. कुठं फट सापडेल म्हणून मी एक मोठी फेरी मारली, मग आणखी एक. पेट्रोलचा काटा बघून तिसरी मारली नाही.

"खाली काय असेल आत्ता?" आईचा आवाज हेडफोनमधून आला, नागपूरहून फोनवर यायचा तसा, अगदी कानात.

मी नकाशा तिच्या मांडीवर ठेवला आणि आपण कुठं आहोत ते बोटानं दाखवलं. तिथून पुढं सबंध किनाराभर तिनं बोट उचललं नाही. मी दर काही मिनिटांनी सांगायची, आता इथं आलो, आणि ती रेघेवरून बोट पुढं सरकवायची. "हे आखात गेलं," ती म्हणायची. "आता भूशिर येईल." खिडकीकडे तिनं फार कमी पाहिलं. जन्मभर कागदावर पाहिलेला किनारा तिनं तिथंही कागदावरच पाहिला.

बिग सर मागं पडलं तेव्हा ती म्हणाली, "मला कालच यायचं होतं." तक्रार नव्हती त्यात. आज सोमवार आहे असं सांगावं तसं म्हणाली.

"मग नको काहून म्हणालीस?"

"मला वाटलं, तू अजून एकदा विचारशील."

मला रडू आलं. विमान सरळ ठेवायचं, रेडिओवर बोलायचं, आणि नाक गळतंय. मी एवढंच म्हणाले, "माझं चुकलं गं." तिनं पदरानं माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच. "पांढरंही छान दिसून राहिलंय," ती म्हणाली. "रागावू नको स्वतःवर."

पुढच्याच आठवड्यात तिचं परतीचं तिकीट होतं. पुढच्या उन्हाळ्यात ये, धुकं नसेल असा महिना मी शोधून ठेवते, असं मी विमानतळावर सांगितलं, आणि ती हो म्हणाली. तो उन्हाळा तिच्या गुडघ्यांनी खाल्ला. त्यानंतरचा माझ्या नव्या नोकरीनं. ऑक्टोबरात तिथली हवा सगळ्यात स्वच्छ असते हे तोवर मला पाठ झालं होतं.

२००८च्या ऑगस्टमध्ये मी तिला फोन केला. ऑक्टोबरात ये, म्हणाले. "नको गं," ती म्हणाली. मी म्हणाले, व्हीलचेअर सांगते, खिडकीची सीट घेते. "नको." मी म्हणाले, मी स्वतः न्यायला येते, दारापासून दारापर्यंत. "नको, बाळा, आता नाही झेपत." मी चौथ्यांदा विचारलं. मग पाचव्यांदा. तिचा आवाज थकलेला होता आणि तिला खरंच यायचं नव्हतं. पहिल्याच नकाराला ते मला कळलं होतं, तरी मी विचारत राहिले.